चप्पल निसटते आणि कळत नाही, ते का

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बाबा ६४ वर्षांचे आहेत. १३ वर्षांपासून मधुमेह आहे. हल्ली चालता चालता उजव्या पायातली चप्पल मागे राहते आणि चार पावलं अनवाणी गेल्यावर दुसऱ्याने सांगितलं की त्यांना कळतं. याआधी दोन वर्षं रात्री तळव्यांची खूप आग व्हायची. मेंदूचा आणि कमरेचा एमआरआय काढला, दोन्हीत वयोमानाप्रमाणे बदल एवढंच आलं. गेले पाच-सहा महिने आग बरीच कमी झाली आहे. मग आजार नेमका कुठे आहे? आणि आग कमी झाली म्हणजे नस सुधारतेय असं समजायचं का?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याला घाई आहे. आग कमी झाली म्हणजे नस सुधारली, असं तपासल्याशिवाय धरून चालू नका. आग थांबण्याची कारणं दोन असतात. नस खरोखर सावरते, किंवा आगीची वार्ता वर नेणारी नसच मरून जाते. बाबांची आग कमी झाली आणि चप्पल निसटायला लागली, हे एकाच सुमाराला घडलं असेल तर मला दुसऱ्या कारणाची काळजी जास्त वाटते. आज संध्याकाळी त्यांना खाटेवर बसवा आणि दोन्ही तळवे चांगल्या उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट बघा. फोड, ओल, काळसर डाग किंवा चिघळलेली भेग दिसली तर उद्या सकाळीच डॉक्टरांकडे न्या. हे उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

आता आजार कुठे आहे ते. मी साताऱ्यात २७ वर्षं मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण पाहतो, आणि समजावून सांगताना पहिली अडचण 'नस' या शब्दापाशीच येते. रक्त काढताना सुईला सापडत नाही तीही आपली नस, आणि कमरेत दबते तीही नसच. त्यामुळे पाय बधिर झाला की घरातल्यांना वाटतं, रक्त पोहोचत नाहीये, चोळलं की मोकळं होईल. रक्त वाहून नेते ती शीर. आपण बोलतोय तो मज्जातंतू, निरोप वाहून नेणारा. शिरेसारखा तो पोकळ नसतो. कापला तर आत बारीक पांढरट धाग्यांचे जुडगे दिसतात, आणि प्रत्येक धागा म्हणजे एकेका पेशीचा लांबवर गेलेला हात असतो. मालिशने बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही, पण आतला धागा त्याने जिवंत होत नाही.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या मिळून परिघीय चेतासंस्था. मज्जारज्जू संपूर्ण कण्याइतका लांब असतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. तो साधारण ४५ सेंटिमीटरचा असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुपका लोंबतो, आणि त्यातूनच पायाचे धागे बाहेर पडतात. एमआरआयमध्ये मेंदू दिसतो, मज्जारज्जू दिसतो, झुपका दिसतो, चकतीने तो कुठे दाबला गेलाय का तेही दिसतं. तळव्यातल्या धाग्याचं टोक मात्र या तपासणीत येत नाही. बाबांचे दोन्ही एमआरआय चांगले आले याचा अर्थ इतकाच, की बिघाड त्या चित्रांच्या चौकटीबाहेर आहे.

हा धागा मला नेहमी थक्क करतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या कातडीत स्पर्श ओळखणारी जी टोकं आहेत, ती ज्या पेशीची आहेत ती पेशी पायात नाहीच. ती माकडहाडाच्या थोडं वर, कण्यालगत, एका छोट्या गाठीत बसलेली असते. तिथून तिची एक शाखा मांडीच्या मागून, पोटरीतून अंगठ्यापर्यंत जाते. दुसरी शाखा मज्जारज्जूत शिरते आणि मध्ये कुठेही न थांबता मानेच्या वर, कवटीच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेपर्यंत पोहोचते. साडेपाच फुटी माणसात ही एकच पेशी अंदाजे दीड मीटर लांब भरते. पेशीचं मुख्य अंग मात्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. ते लिंबाएवढं मोठं करून पाहिलं, तर त्याच प्रमाणात धागा बोटाएवढा जाड आणि दीड किलोमीटर लांब होईल. हा सगळा पसारा ते लिंबू एकटं सांभाळतं. दुरुस्तीचा बराचसा माल लिंबात तयार होतो आणि धाग्याच्या आत असलेल्या सूक्ष्म रुळांवरून खाली पाठवला जातो. जलद मालाचा वेग दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर, म्हणजे अंगठ्यापर्यंत तीन ते पाच दिवस. धाग्याचा सांगाडा बनवणारी प्रथिनं दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतात. आज कमरेपाशी तयार झालेला तो माल अंगठ्यापर्यंत पोहोचायला जवळजवळ तीन वर्षं लागतात.

पाण्याच्या पाटाचं जे होतं तेच इथे होतं. वर पाणी कमी झालं की आधी शेवटचं शेत सुकतं. मधुमेहात चेतापेशीची एकूण ताकद घटते आणि सर्वांत लांबचं टोक सर्वांत आधी मरतं. म्हणून बधिरपणा बोटांच्या टोकांपासून सुरू होतो, दोन्ही पायांत जवळपास सारखा, आणि मोजा घालावा तसा वर चढत जातो. तो गुडघ्याच्या आसपास आला की हाताची बोटं बधिर व्हायला लागतात. रुग्ण घाबरून येतात, "आता हातातही पसरला". हातात काही नवीन झालेलं नसतं. मानेपासून बोटांपर्यंतचा धागा आणि कमरेपासून गुडघ्याच्या खालपर्यंतचा धागा लांबीला सारखेच असतात, म्हणून त्यांची पाळी एकदमच येते. फक्त एकाच पायात, एकाच पट्ट्यात बधिरपणा असेल तर मी मधुमेहाला बाजूला ठेवतो आणि कमरेतली चकती किंवा वाटेत दबलेला मज्जातंतू शोधतो. बाबांची उजवीच चप्पल निसटते असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे डावा पायही तितक्याच काळजीने तपासला पाहिजे. बऱ्याचदा दोन्ही पाय गेलेले असतात आणि एकाच पायाची चप्पल सैल असते.

साखर धाग्याचं नेमकं काय करते? स्नायूत साखर शिरायला इन्सुलिन लागतं. मज्जातंतूत ती इन्सुलिनशिवायच शिरते, रक्तात जितकी जास्त तितकी आत जास्त. आतल्या जादा साखरेचं सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होतं आणि ते साठून पेशीची रासायनिक घडी बिघडते. डोळ्याच्या भिंगातही असंच घडतं, म्हणून मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो. शिवाय मज्जातंतूला रक्त देणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि धाग्याची उपासमार होते. म्हणजे रक्तपुरवठ्याचा संबंध आहेच, पण चोळून मोकळी होईल अशी ती मोठी शीर नव्हे.

आता आगीकडे येऊ. एकाच मज्जातंतूत जाड आणि बारीक असे दोन्ही धागे असतात. जाड धाग्यांवर मायलीनचं, चरबीसारख्या पदार्थाचं आवरण असतं. श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्वान पेशी या आवरणाच्या गुंडाळ्या करतात. एक पेशी साधारण मिलिमीटरभर धागा गुंडाळते, मग बारीकशी फट, मग पुढची पेशी. अंगठ्यापर्यंतच्या एका धाग्यावर अशा हजारभर पेशी एकामागे एक बसलेल्या असतात. निरोप म्हणजे विजेची छोटी लाट. धाग्याच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने कमी विजेचा दाब असतो, सोडियमला आत सोडणारी धाग्यावरची दारं उघडली की तो क्षणात उलटतो आणि मिलिसेकंदभरात पुन्हा जागेवर यायला लागतो. आवरण असलेल्या धाग्यात ही उलथापालथ फक्त फटींपाशी होते, त्यामुळे निरोप एका फटीवरून दुसरीवर उड्या मारत जातो. वेग सेकंदाला ५० मीटर, ताशी १८० किलोमीटर. बारीक धाग्यांवर असं आवरण नसतं. त्यांच्यात निरोप सेकंदाला एखादा मीटर, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जातो.

पायाचा अंगठा खाटेच्या पायाला आपटतो तेव्हा हे दोन्ही वेग तुम्ही स्वतः अनुभवता. आपटल्याचं लगेच कळतं, झटक्यात एक तीक्ष्ण कळ येते, आणि "आता दुखणार" असं म्हणेपर्यंत सेकंदाभराने ती खोल, जळजळती वेदना वर चढते. स्पर्श जाड धाग्याने आला, कळ पातळ आवरणाच्या मधल्या धाग्याने आली, आणि जळजळ चालत चालत आली. थंडगरम आणि आग ही कामं या बारीक धाग्यांची.

मधुमेहात बहुधा हे बारीक धागे आधी दुखावतात. मरणाऱ्या धाग्याची टोकं शांत बसत नाहीत. त्यांच्यावरची सोडियमची दारं बिघडतात आणि काहीही लागलेलं नसताना ती आपोआप निरोप सोडत राहतात. मेंदूला तळव्यावर निखारा ठेवल्यासारखं वाटतं, तळवा मात्र गार असतो. म्हणून बाबा रात्री पाय पांघरुणाबाहेर काढत असतील, फरशीवर टेकवत असतील, चादरीचा स्पर्शही नको म्हणत असतील. ती वेदना खरी असते. "मनाचे खेळ आहेत" असं त्यांना कुणी म्हटलं असेल तर ते चूक होतं. आणि ती टोकं पुरती मेली की निरोप थांबतात. घरातल्यांना हायसं वाटतं, गोळ्या बंद होतात, आणि ज्या दिवसापासून पायाला सर्वांत जास्त जपायला हवं त्याच दिवसापासून पायाकडे बघणं थांबतं.

चप्पल हे जाड धाग्यांचं काम. अंगठ्याची चप्पल पायात टिकते ती अंगठा आणि शेजारचं बोट दर पावलाला किंचित आवळल्यामुळे. आपण ते मुद्दाम करत नाही. पट्ट्याचा कातडीवरचा दाब, बोट किती वाकलंय याची सांध्यातून येणारी खबर, स्नायू किती ताणलाय याची स्नायूतल्या तर्कूसारख्या यंत्रणेची खबर, हे सगळं दर पावलाला वर जातं आणि पकड कमीजास्त होते. मधुमेहात एकाच वेळी दोन गोष्टी बिघडतात. खबर वर जाणं कमी होतं, आणि तळव्यातले बारीक स्नायू सुकल्याने पकडही ढिली पडते. चप्पल निसटते ती ढिल्या पकडीमुळे. निसटल्याचं कळत नाही ते खबर पोहोचत नाही म्हणून.

हीच खबर तोल सांभाळते. बाबांना विचारा, बेसिनपाशी डोळ्यांना साबण लावून तोंड धुताना झोक जातो का? रात्री लाइट गेल्यावर भिंत धरावी लागते का? पाय कुठे आहेत हे पायांकडून कळत नसेल तर माणूस डोळ्यांनी भरून काढतो. डोळे मिटले की आधार जातो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बर्ग यांनी हेच लक्षण तपासणी म्हणून वापरात आणलं: पाय जुळवून उभं राहायचं, डोळे मिटायचे, डॉक्टरांनी शेजारी हात पसरून उभं राहायचं. घरी करून बघू नका, पडतील.

तपासणीला फार महागडी यंत्रं लागत नाहीत. मी १२८ हर्ट्झचा कंपनकाटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवतो आणि विचारतो, "थरथर थांबली की सांगा". अनेक जण लगेच "थांबली" म्हणतात, आणि तोच काटा मी त्यांच्या मुलीच्या हाडावर ठेवतो तेव्हा तो अजून थरथरत असतो. मुलीचा चेहरा त्या क्षणी बदलतो. रिपोर्टच्या कागदाने जे पटत नाही ते इथे पटतं. मग १० ग्रॅमचा नायलॉनचा दोरा तळव्यावर वाकेपर्यंत टेकवायचा, रुग्णाचे डोळे मिटलेले. हा दोरा जाणवत नसेल तर त्या पायाला जखम होण्याचा धोका मोठा. आणि टाचेवरच्या जाड शिरेवर, म्हणजे स्नायूबंधावर, हातोडी. त्या ठोक्याची खबर मज्जारज्जूत जाते, दोन पेशींमधला एकच जोड ओलांडते आणि पोटरीला हुकूम घेऊन परत येते, पाऊल झटक्याने हलतं. जाऊन येऊन सुमारे ३० मिलिसेकंद. मेंदूला विचारलंही जात नाही. हा झटका सत्तरीपुढे निरोगी माणसातही मंदावतो, म्हणून एकट्या त्यावर मी निदान करत नाही.

मज्जातंतूंच्या वहनवेगाची तपासणी तुम्हाला सुचवली जाईल. ती उपयोगी आहे, पण ती फक्त जाड धागे मोजते. ज्याला नुसतीच आग आहे त्याचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येऊ शकतो आणि तरी आजार असतो. बाबांची चप्पल निसटते आहे, त्यामुळे त्यांच्यात ती बहुधा बिघाड दाखवेल.

मधुमेह आहे म्हणून सगळं त्याच्याच खात्यावर टाकणं हीसुद्धा चूक आहे, आणि ती मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत केली आहे. एक शिक्षक होते, शुद्ध शाकाहारी, दूधही पचत नाही म्हणून बंद केलेलं, दहा वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू. मी साखरेवर बोट ठेवून मोकळा झालो. पुढच्या भेटीत त्यांच्या गुडघ्याचा झटका कमी होण्याऐवजी वाढलेला सापडला. मज्जातंतूच्या आजारात तो कमी व्हायला हवा. वाढतो तेव्हा बिघाड वर, मज्जारज्जूत आहे. त्यांचं बी-१२ फार खाली गेलं होतं. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, मेटफॉर्मिनने ते आणखी घटतं, आणि त्याच्या अभावाने तळव्याची खबर वर नेणारा मज्जारज्जूचा मागचा भागच झिजतो. इंजेक्शनं सुरू केल्यावर ते बरेच सावरले, पूर्ण नाही. त्या राहिलेल्या भागाची खंत मला आजही आहे. तेव्हापासून बी-१२ पाहिल्याशिवाय मी मधुमेहाचं नाव घेत नाही. बाबांचं पाहिलं नसेल तर पहिली ती तपासणी करा. सोबत थायरॉइड, मूत्रपिंड, आणि दारू घेत असतील तर तेही न लपवता सांगा.

दुसरा आजार कुष्ठरोग. नाव ऐकून दचकू नका. त्याचा जंतू श्वान पेशीतच घर करतो आणि त्याला गारवा मानवतो, म्हणून तो कातडीजवळचे मज्जातंतू गाठतो. कोपराच्या आतल्या बाजूचा तंतू जाड दोरीसारखा हाताला लागतो, अंगावर फिकट बधिर चट्टा असतो, आणि खोल झटके बहुधा शाबूत राहतात. महाराष्ट्रातून तो संपलेला नाही. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि तो बरा होतो.

आणि वेग पाहा. वर्षानुवर्षं चढणारा बधिरपणा आणि चार दिवसांत चढणारा अशक्तपणा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिलन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ आले ते तुम्हाला आठवत असेल. त्यात जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय आधी लुळे पडतात, मग हात, आणि श्वासाचे स्नायूही जाऊ शकतात. असा वेग दिसला तर मधुमेहाची चर्चा न करता तासाभरात मोठं रुग्णालय गाठायचं असतं.

आणखी एक भाग आहे जो घरात कुणी पायाशी जोडत नाही. हृदयाचा ठोका, रक्तदाब, पचन, घाम हे सगळं आपल्या नकळत चालवणारी स्वायत्त चेतासंस्था बऱ्याच अंशी याच बारीक धाग्यांवर चालते. तळव्याला घाम आणणारे धागे मेले की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात, आणि त्या भेगेतूनच जंतू आत शिरतो. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटात आणि पायात उतरतं. निरोगी माणसात शिरा लगेच आवळल्या जातात. बाबांमध्ये तसं होत नसेल तर खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येईल. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर हे धागे गेले आहेत असा संशय घ्यायचा. रक्तदाबाच्या गोळ्यांनीही तसं होतं, म्हणून सगळ्या गोळ्या दाखवा. यातलं सर्वांत धोक्याचं म्हणजे हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येता येऊ शकतो. अचानक दम लागला, दरदरून घाम आला, नुसतं गळून गेल्यासारखं झालं, तर छातीत दुखत नाही या आधारावर घरी थांबू नका.

उपायांचं आता खरं काय ते सांगतो. मेलेली टोकं परत आणणारं औषध आज नाही. साखर आवरली तर पुढचं नुकसान मंदावतं, आणि थोड्या फार दुखावलेल्या धाग्यांना फुटवा येतो. वाढीचा वेग दिवसाला एखादा मिलिमीटर, मधुमेहात त्याहून कमी, म्हणून फळ दिसायला महिने नव्हे, कधी वर्षं लागतात. साखर एकदम खाली ओढायची नाही. बारा-तेरा असलेलं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, दोन महिन्यांत सातवर आणलं तर आग भडकल्याचे रुग्ण मी पाहिले आहेत. पायरीपायरीने उतरवा. प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधं आगीचे निरोप दाबतात, माणसाला झोप मिळते, आणि झोप मिळणं ही लहान गोष्ट नाही. ती नस दुरुस्त करत नाहीत. नसांच्या ताकदीच्या म्हणून ज्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या जातात त्यांत बी-६ किती आहे ते बघा. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर मी मघाशी सांगितलेल्या त्या लिंबालाच इजा करतं, आणि बधिरपणा वाढतो.

बाकी सगळं काम आता डोळ्यांनी करायचं आहे, कारण पायांनी कळवणं सोडलं आहे. तमिळनाडूतल्या वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हे जगाला दाखवून दिलं. रुग्णांची बोटं जंतू खात नव्हता. न जाणवलेल्या जखमांनी ती झिजत होती, रात्री उंदीर कुरतडत तरी झोपलेल्याला जाग येत नव्हती. मधुमेही पायाचं शास्त्र त्याच निरीक्षणावर उभं आहे. माझ्याकडे एक शेतकरी तळव्यात बाभळीचा काटा घेऊन आले होते. किती दिवसांपासून, त्यांना सांगता येईना. पायाची दुर्गंधी आली म्हणून सुनेने मोजा काढायला लावला, तेव्हा ते उघडकीला आलं.

म्हणून रोज रात्री तुम्ही किंवा आई तळवा बघा. एकटे असतील तर आरसा जमिनीवर ठेवून त्यांनी स्वतः बघावा. गरम पाण्यात पाय घालायचे असतील तर पाणी दुसऱ्याने तपासावं, त्यांच्या हाताचाही भरवसा धरू नका. शेकाची पिशवी तळव्याला अजिबात नको. टाचांना तेल किंवा मलम लावा, बोटांच्या बेचक्यांत मात्र कोरडं ठेवा. घट्टा किंवा कुरूप असेल तर ब्लेडने कापायचं नाही आणि औषधाच्या दुकानातली पट्टीही चिकटवायची नाही, कारण घट्ट्याखाली जखम लपलेली असते आणि ती पट्टी कातडी जाळते. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. आणि अनवाणी चालणं बंद, घरातसुद्धा. नवरात्रात अनवाणी राहण्याचा किंवा वारीत तसं चालण्याचा बाबांचा नेम असेल तर त्यांच्याशी हळुवार बोला. मी माझ्या रुग्णांना विनंती करतो की सेवा दुसऱ्या रूपाने घडवा. बहुतेक जण ऐकतात, आणि जे ऐकत नाहीत त्यांना मी निदान मऊ पादत्राणं घालून चालायला राजी करतो.

अंगठ्याची चप्पल आजच बाजूला काढा. मागे पट्टा असलेली, पुढे बोटांना मोकळी जागा असलेली, तळाला मऊ थर असलेली घ्या. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. माप "बरोबर बसतंय" या बाबांच्या शब्दावर ठरवू नका. बधिर पायाला घट्ट पादत्राणच नीट बसल्यासारखं वाटतं. कागदावर उभं करून पायाची आकृती काढा आणि ती चप्पलशी जुळवा.

जुनी चप्पल मात्र फेकू नका. डॉक्टरांकडे जाताना ती पिशवीत घालून न्या. मी तळवा बघण्याआधी चप्पल उलटीसुलटी करून बघतो. अंगठ्याच्या बुडाशी किंवा मधल्या बोटांखाली जिथे खोल खळगा पडलाय, तिथेच सगळं वजन येतं आणि जखम व्हायची असेल तर तिथेच होते.